९ मे: दुःख लोकांचं, परेड सरकारची?

धुळाक्षर
९ मेला, नाझी जर्मनीवरच्या विजयाच्या दिवशी, मॉस्कोत रणगाडे निघाले की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, "रशियन माणसाने सोसलंय हो, त्याला युद्धाची किंमत कळते." सोसलं, मान्य. पण ती आठवण त्याच्या हातात राहिलीच नाही. त्या युद्धात मेलेल्या सोव्हिएत माणसांचा आकडाच बघा. १९४६ मध्ये स्टालिन म्हणाला ७० लाख. ख्रुश्चेव्हच्या काळात २ कोटी झाले आणि १९९० मध्ये गोर्बाचेव्हने २ कोटी ७० लाख सांगितले. मेलेली माणसं तीच, सरकारच्या सोयीने वाढत गेली. ९ मेची सुट्टीसुद्धा १९४८ पासून बंद होती, ती ब्रेझनेव्हने १९६५ मध्ये परत आणली. मधली वर्षं लोक त्या दिवशी मुकाट कामावर जात होते.

नेवाकाठचा
कामावर जात होते म्हणून विसरले होते? मी ऐंशीच्या दशकात लेनिनग्राडला, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गला, मेडिकलला होतो. होस्टेलच्या दारावर एक म्हातारी बसायची. अशा बाईला तिथे वाख्त्योर्शा म्हणतात. एकदा मी काळ्या ब्रेडचा अर्धा, दगडासारखा झालेला लोफ कचऱ्यात टाकला. ती ओरडली नाही. तिने तो उचलला, पदरासारखा अॅप्रन होता त्याला पुसला, पातळ काप केले आणि हीटरवर वाळत घातले. मग तळहात पुढे करून त्यावर बोटाने एक चौकोन काढला. एवढासा.

१२५ ग्रॅम. जर्मन सैन्याने लेनिनग्राड वेढलं होतं तेव्हा, २० नोव्हेंबर १९४१ पासून महिनाभराहून जास्त काळ कामगार सोडून बहुतेकांना दिवसाला इतकाच ब्रेड मिळायचा, मुलांनाही. कामगाराला २५०. त्यातही पेंड आणि लाकडाचा लगदा. पेंड म्हणजे आपण म्हशीला घालतो ती. वेढा ८७२ दिवस होता. तो चौकोन तिला कुठल्या सरकारने शिकवला होता?

तिरकी रेघ
नेवाकाठचा, म्हातारीला नमस्कार. पण त्याच शहराने १९४६ मध्ये वेढ्याचं संग्रहालय उघडलं आणि १९४९ मध्ये स्टालिनच्याच माणसांनी ते बंद पाडलं. शहराचं दुःख शहराने मिरवायचं नाही, म्हणून.

आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह? याच वेढ्यात त्यांच्या बियाणं जपणाऱ्या संस्थेतली माणसं गहू-तांदळाच्या बियाण्यांच्या पाकिटांशेजारी उपाशी मेली, दाणा तोंडात टाकला नाही. स्वतः वाविलोव्ह त्याच सुमाराला, जानेवारी १९४३ मध्ये, सरातोव्हच्या तुरुंगात खंगून गेले. तुरुंग हिटलरचा नव्हता.

कोरा कागद
तुम्ही सगळे पुरुष रणगाडे आणि स्टालिनमध्येच अडकलात. १९५९ च्या जनगणनेत सोव्हिएत संघात पुरुषांपेक्षा बायका सुमारे २ कोटींनी जास्त होत्या. विशीतल्या मुलींना नवरे कुठून मिळणार? सरकारने जुलै १९४४ मध्ये तोडगा काढला. लग्नाविना मूल झालं तर बापावर पोटगीची जबाबदारी नाही, आणि जन्मदाखल्यात त्याच्या नावाच्या जागी आडवी रेघ. त्याच हुकुमात दहा मुलं वाढवणाऱ्या बाईला 'वीरमाता' हा किताब! एका हाताने बिल्ला, दुसऱ्या हाताने रेघ. एक पिढी ती रेघ घेऊन शाळेत गेली. हा परिणाम कुठल्या परेडमध्ये दिसतो?

जाता जाता, 'रशियन' म्हणताना जपून. २ कोटी ७० लाखांत युक्रेनी, बेलारूसी, ज्यू, मध्य आशियातले सगळे आले. बेलारूसने तर चारातला एक माणूस गमावला.

दादरचा कॉम्रेड
अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तो सरकारी आकड्यांवर नाही, लढणाऱ्या कष्टकऱ्यांवर. तिरकी रेघ, नाझींना बर्लिनपर्यंत रेटलं कुणी, तेही लिहा.

तिरकी रेघ
त्याच कष्टकऱ्यांनी. आणि त्यांच्यातले जे जर्मन छावण्यांतून जिवंत परतले त्यांची चौकशी करून कित्येकांना आपल्याच छावण्यांत धाडलं. यावर पोवाडा आहे का?

धुळाक्षर
कोरा कागद, ती आडवी रेघ मला माहीत नव्हती. 'रशियन'बद्दलही मान्य.
नेवाकाठचा, तुमच्या म्हातारीवर माझा विश्वास आहे. पण ती आठवण इतकी घट्ट होती तर २०२२ नंतर तिची नातवंडं युक्रेनवर गप्प का?

नेवाकाठचा
मार्च २०२२ मध्ये कायदा झाला, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. तरी काही जण बोलले आणि आत गेले. बाकीचे गप्प आहेत, ते निव्वळ भीतीने असं मीही म्हणणार नाही. काहींना हे युद्ध पटलेलं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

म्हातारीपुरतं सांगतो. ९ मेला होस्टेलचा टीव्ही जोरात लागायचा, तेव्हा ती जागेवर नसायची. एका वर्षी मी बरोबर गेलो, वेढ्यात मेलेल्यांच्या पिस्कार्योव्हस्कोये दफनभूमीत. तिथे लांबलचक सामूहिक थडगी आहेत. नावं नाहीत, दगडावर नुसतं साल. पिशवीतून तिने ब्रेडचा एक काप काढला आणि '१९४२' लिहिलेल्या दगडापाशी ठेवला. तशा दगडांची रांगच होती, पण ती चालत चालत नेमकी एकापाशी थांबली. तोच का, हे मी विचारलं नाही.