मेंदूच्या रचनेवरून राजकीय मतं ठरतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राजकारणावरून माझं आणि दादाचं नेहमीच वाजतं. परवा तो म्हणाला, "तुझा मेंदूच वेगळा आहे, बोलून काही उपयोग नाही." ते फार लागलं मनाला, म्हणून वाचायला बसले.

२०११ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९० तरुणांच्या मेंदूचे एमआरआय तपासले (अभिनेता कॉलिन फर्थ त्या शोधनिबंधाचा सहलेखक आहे, हे वाचून चकितच झाले). उदारमतवाद्यांमध्ये अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स (विसंगती हेरण्याशी जोडला जाणारा मेंदूचा भाग) मोठा दिसला, परंपरावाद्यांमध्ये उजवा अमिग्डाला. अमिग्डाला म्हणजे भीती आणि धोक्याशी जोडला जाणारा भाग. पण २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या ९२८ जणांवर हाच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा अमिग्डालाचा फरक खूपच लहान निघाला आणि सिंग्युलेटचा तर दिसलाच नाही.

मी अडले आहे ती कार्यकारणापाशी. लंडनच्या टॅक्सीचालकांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी जोडलेला भाग) रस्ते पाठ करता करता बदलतो, हे तर सिद्ध झालं आहे. मग मतांमुळे, वाचनामुळे, सोबतच्या माणसांमुळे मेंदू बदलत असेल तर? आधी काय आणि नंतर काय, हे एकदाच काढलेल्या स्कॅनवरून कळतं का?

आणि दुसरं, गटाच्या सरासरीतला असा बारीक फरक एकट्या माणसाबद्दल काही सांगू शकतो का? मला नाही वाटत, पण दादाला ते नीट पटवून देता येत नाहीये. मेंदूविज्ञान किंवा संख्याशास्त्र शिकलेलं कुणी सोप्या शब्दांत समजावेल का? तो गप्प बसावा म्हणून नाही विचारत, आमचं बोलणं सुरू राहावं म्हणून विचारतेय.