टॅकिऑनचं वस्तुमान काल्पनिक, मग ऊर्जा वास्तव कशी?

प्रश्न:
सापेक्षतेतल्या ऊर्जेच्या सूत्रात (E = mc² ÷ √(1 − v²/c²)) प्रकाशवेगापेक्षा जास्त वेग घातला की छेदातलं वर्गमूळ काल्पनिक होतं, म्हणजे ऋण संख्येचं वर्गमूळ. टॅकिऑन, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा कल्पित कण, मानणारे इथून पुढे जातात कसे? आणि गाडी नेमकी अडते कुठे?

उत्तर १:
छेद काल्पनिक, तर अंशातलं स्थिर वस्तुमानही (कण थांबलेला असतानाचं) काल्पनिक घ्यायचं. बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६२ साली हेच मांडलं. ‘टॅकिऑन’ हे नाव फाइनबर्ग यांचं, १९६७ चं. हा कण कधी थांबतच नाही, त्यामुळे त्याचं स्थिर वस्तुमान कोणी मोजू शकत नाही. ऊर्जा आणि संवेग वास्तव आले की पुरे.
प्रकाशवेग १ आणि वस्तुमानाचा आकडा १ धरा. वेग २ असताना ऊर्जा ०.५७७, संवेग १.१५५. वेग ७ केला तर ऊर्जा ०.१४४ वर येते. म्हणजे ऊर्जा गमावताना कण वेग घेतो. शून्य ऊर्जेला वेग अनंत, संवेग मात्र १ च्या खाली उतरत नाही.

उत्तर २:
गाडी अडते ती निरीक्षक बदलल्यावर. तोच वेग २ चा कण, त्याच दिशेने ०.६ वेगाने जाणाऱ्याला कसा दिसेल? (२ − ०.६) ÷ (१ − १.२) = −७. ऊर्जा −०.१४४. कण आधी पोचतो, मग निघतो! निरीक्षकाचा वेग ०.५ च्या वर गेला की हे होणारच.
सुदर्शन वगैरेंचा तोडगा असा: ऋण ऊर्जेने भूतकाळात जाणारा कण म्हणजे धन ऊर्जेने उलट, ग्राहकाकडून प्रेषकाकडे जाणारा कण. एकेरी प्रवासाला हे चालतं. पण एकमेकांपासून दूर जाणाऱ्या दोघांनी निरोप आणि उत्तर पाठवलं, तर उत्तर निरोपाआधी येऊ शकतं (बेनफर्ड, बुक, न्यूकोम्ब, १९७०). माझ्या मते इथे तो तोडगा अपुरा पडतो.

प्रश्नकर्ता:
मग २०११ च्या ऑपेरा प्रयोगात प्रकाशापेक्षा वेगवान वाटलेले न्यूट्रिनो (अतिशय हलके, विद्युतभार नसलेले कण)?

उत्तर १:
सुमारे ७३० किमीत ६० नॅनोसेकंद लवकर, म्हणजे वेग लाखात अडीच भागांनी जास्त. मुख्य दोष निघाला नीट न बसलेल्या ऑप्टिकल फायबर केबलचा. त्याआधीही शंकेला जागा होती. १९८७ च्या सुपरनोव्हाचे (ताऱ्याच्या स्फोटाचे) न्यूट्रिनो १,६८,००० प्रकाशवर्षांवरून आले. तेवढाच जादा वेग असता तर प्रकाशाआधी चार वर्षं पोचले असते. आले सुमारे तीन तास आधी, तेही ताऱ्याच्या गाभ्यातून प्रकाशाआधी सुटल्यामुळे. शिवाय त्यांची ऊर्जा ऑपेरातल्यापेक्षा हजारपट कमी होती. टॅकिऑन असते तर ते आणखी वेगवान हवे होते.

उत्तर ३:
एक भर. आजच्या क्षेत्र सिद्धांतात (जिथे कण म्हणजे क्षेत्रातली कंपनं मानतात) वस्तुमानाचा वर्ग ऋण आला, म्हणजे वस्तुमान काल्पनिक आलं, की ते क्षेत्र अस्थिर आहे असं समजतात, मूलकणांना वस्तुमान देणारं हिग्ज क्षेत्र शून्य मूल्याजवळ असतं तसं. त्यातही संकेताचं सर्वांत पुढचं टोक प्रकाशवेग ओलांडत नाही.