कॉलनीचा रस्ता कधी होणार हे नेमकं ठरवतं कोण?

चिखलवाडीकर
रामराम मंडळी. खान्देशातल्याच एका शहरात राहतो, नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर उद्या आमचे नगरसेवक चहाला घरी. आमची कॉलनी हायवेच्या पलीकडे, आधी कपाशीचं वावर होतं, प्लॉट पाडले, विकले, लोक राहायला येऊन बरीच वर्षं झाली. घरपट्टी दरवर्षी येते, वेळेवर भरतो. रस्ता म्हणाल तर नुसती काळी माती, पावसाळ्यात शाळेची रिक्षा आत यायला नाही म्हणते, पोरं चप्पल हातात घेऊन चौकापर्यंत जातात. मधे भुयारी गटारीवाल्यांनी खोदून ठेवलं, चेंबरची झाकणं वीतभर वर आणि बाजूची माती खाली बसलेली, रात्री गाडीवाला हमखास आपटतो. आता गंमत पहा, दोन गल्ल्या सोडून एक चांगला डांबरी रस्ता होता तो उखडून काँक्रीटचा केला. आम्ही निवेदन घेऊन गेलो की निधी नाही. मग तिकडं काय झाडाला लागला का निधी? कोणता रस्ता आधी करायचा याची काही यादी असते का, आणि पैसा येतो कुठून, कोणाला माहीत असेल तर सांगा भो.

धुळ्याचे नाना
बांधकाम खात्यात नोकरी करून रिटायर झालोय म्हणून लिहितो. भाऊ, निधी नाही हे उत्तर खोटं नसतं, अर्धवट असतं. पूर्ण वाक्य असं, की तुमचा रस्ता ज्या हेडमधे, म्हणजे खर्चाच्या खात्यात बसतो त्या हेडला निधी नाही. लोकांना वाटतं मनपाची एकच तिजोरी आहे, तसं नाही, प्रत्येक पैशावर आधीच चिठ्ठी लावलेली असते. जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि २०१७ ला जीएसटी आल्यापासून राज्य सरकार त्या बुडालेल्या कराची दर महिन्याला भरपाई देतं, कायद्याने त्यात वर्षाला ८ टक्के वाढ. आपल्याकडच्या छोट्या मनपांत ती पगार पेन्शनलाच जाते. उरली घरपट्टी, त्यात दिवाबत्ती, सफाई, पाण्याच्या पंपाचं लाईट बिल. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे येतात म्हणाल तर २०२१ ते २०२६ च्या हिशोबात आपल्यासारख्या दहा लाखाच्या आतल्या शहरांना ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती, रस्त्याला हात लावायचा तर उरलेल्या ४० टक्क्यांतून, आणि त्यावर टपलेले दहा.
म्हणून रस्ता बाहेरच्या पैशाने होतो. जिल्हा नियोजन समितीकडून, तिचे अध्यक्ष पालकमंत्री, तिथूनच जिल्हास्तर नगरोत्थान, म्हणजे शहरातल्या कामांची राज्याची योजना, येतं. दलितवस्ती सुधारचा पैसा त्या वस्तीच्या बाहेर काढता येत नाही. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदारांचाही ५ कोटी पण त्यात सहा विधानसभा. आणि मुंबईहून नगरविकास खात्याचा मूलभूत सुविधांचा निधी, त्यात कामांची यादी बरेचदा जीआरलाच, म्हणजे शासन निर्णयालाच जोडून येते, अमुक घरापासून तमुक घरापर्यंत काँक्रीटीकरण, इतके लाख. तुमचा तो दोन गल्ल्या पलीकडचा रस्ता बहुतेक असाच कुठल्या यादीतून आला असणार. इंजिनीअरने कितीही सांगितलं की तो रस्ता चांगला आहे, पैसा त्याच रस्त्याच्या नावाने आलाय, दुसरीकडे टाकला तर ऑडिटमधे त्याच्याच गळ्याशी येतं. कामबदल करता येतो पण त्यासाठी परत मंजुरी आणायची आणि तेवढी उठाठेव कोण करतो.
तेव्हा पहिलं काम, आधी हेड विचारा.

लेवा पोरगी
नाना सगळं खरं, पण हेडच्या नावाखाली माणसं लपतात त्याचं काय? यादीत नाव टाकतं कोण? आकाशातून पडत नाही ना यादी. पत्र देतो आमदार नाहीतर नगरसेवक, आणि पत्र कोणत्या गल्लीचं निघतं हे आम्ही सगळे जाणतो. २०२३ ला जळगाव धुळे दोन्ही मनपांची मुदत संपली, प्रशासक आले, तेव्हा तर नगरसेवकही नव्हता, बजेट आयुक्तांनीच मांडायचं आणि प्रशासक म्हणून मंजूरही त्यांनीच करायचं. त्यात बोलायला जायचं कुठं.
मी पुण्यात होते शिकायला, तिथे २००६ पासून नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा, फूटपाथ, बस थांबा, दिवे असली छोटी कामं, पुढच्या वर्षीच्या बजेटमधे येतात. सगळी होतात असं नाही, आमच्या सोसायटीचं एक झालं एक नाही झालं. पण निदान विचारतात तरी. आपल्याकडे हे सुरू करायला कोणाची परवानगी लागते असं मला तरी वाटत नाही, इच्छा लागते.

केळीवाला सावदा
रस्ता रस्ता करताय पण बसचं कोणी बोलत नाही. शहरात यायचं तर एसटी स्टँडपर्यंत येते, पुढे रिक्षावाला मागेल तेवढे द्या. जळगावला केंद्राच्या पीएम ई-बस योजनेतून इलेक्ट्रिक बस मंजूर आहेत ना, मग अडतं कुठं?

धुळ्याचे नाना
बरा विषय काढला. मनपाच्या कायद्यात रस्ते आवश्यक कर्तव्यात येतात, कलम ६३. बस कलम ६६ मधे, म्हणजे ऐच्छिक. केली तर केली. ई-बस योजना केंद्राने ऑगस्ट २०२३ मधे मंजूर केली, देशभर १० हजार बस, आणि पाच लाख वस्तीच्या आतल्या शहराला ५० पर्यंत. जळगाव २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार, म्हणजे त्यात बसलं. आता मेख बघा. बस चालवणाऱ्या ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा, बसमधे माणसं बसोत ना बसोत. केंद्र मोठ्या १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये देतं, ९ मीटरच्या बसला २२, तेही दहा वर्षंच. वरचा फरक तिकिटातून काढा, नाही निघाला तर मनपाच्या खिशातून. बस रिकामी धावली तर रोजचा खड्डा. कोणताही आयुक्त सही करताना दहादा विचार करणारच, त्यात मी त्यांना दोष देत नाही. पण डांबरावर डांबर टाकताना एवढा विचार होत नाही हेही खरं.

हायवे लगत
हायवेबद्दल एक. जळगावच्या शहरातून जाणाऱ्या हायवेवर काही झालं की लोक मनपाला शिव्या घालतात, पण तो राष्ट्रीय महामार्ग, तिथे खर्च करायचा अधिकारच मनपाला नाही. रेल्वे पुलाचं तर अजून वेगळं, रुळावरचा भाग रेल्वेचा आणि दोन्हीकडचे चढउतार बहुतेक वेळा राज्याच्या खात्याचे, एकाचं झालं की दुसऱ्याची वाट बघत पूल अधांतरी. चिखलवाडीकर, तुमचा रस्ता निदान एकाच खात्याचा आहे, नशीबवान आहात 😀

चिखलवाडीकर
सगळ्यांचे आभार. नाना, तुमचं वाचून एका ओळखीच्याला फोन लावला, तो म्हणतो आमच्या लेआउटचे रस्ते मनपाच्या ताब्यातच आलेले नाहीत. प्लॉट गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या तुकड्यांत गेलेत म्हणे. मग घरपट्टी कशी घेतात ते?

धुळ्याचे नाना
घरपट्टी वापराची असते भाऊ, बांधकाम दिसलं की लागते, त्यावरून लेआउट कायदेशीर झाला असं होत नाही. मंजूर लेआउट असेल तर रस्ते, गटार बिल्डरने करून मनपाला सोपवायचे असतात, तो पैसे घेऊन पळाला आणि तुमच्या डोक्यावर राहिलं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात घेतले. कॉलनीतल्या सगळ्यांनी मिळून नियमित करायचे अर्ज टाका, एकेकट्याने टाकू नका. त्यात जो विकास आकार भरता तो पैसा तुमच्याच भागातल्या सोयींसाठी असतो, हे अर्जातच ठणकावून लिहा. नगररचना विभागातून लेआउटचा नकाशा घ्या आणि रस्ता त्यात किती मीटर दाखवलाय ते टेप लावून मोजा. माहिती अधिकारात १० रुपयांत एवढंच विचारा, की आमचा रस्ता ताब्यात आहे का आणि शेजारचा रस्ता कोणत्या हेडमधून झाला, कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशाची प्रत द्या. जास्त प्रश्न विचारले की उत्तर गोल येतं.
आणि काँक्रीट मागू नका. काळ्या मातीवर खाली मुरूम, सोलिंग म्हणजे दगडांचा थर नीट न टाकता काँक्रीट ओतलं की दोन पावसाळ्यांत तडे. आधी गटार चाचणी होऊन चेंबर लेव्हलला आणायला लावा, मग खडीकरण. कमी पैशाचं काम असलं की बसतंही लवकर कुठल्यातरी हेडमधे.

चिखलवाडीकर
नकाशात ९ मीटर आहे नाना. जागेवर टेप लावला, कुठे साडेसहा कुठे सात. निम्म्या लोकांनी ओटे, पायऱ्या पुढे काढल्यात, आमचा पण आहे थोडा.

लेवा पोरगी
मग आधी ओट्यांची मीटिंग घ्या 😂 तो निधी मनपाकडून येणार नाही.