२१२ बल्क कूलर आणि एक सर्व्हर: एलिक्सिर शिकावं का?

वारणेचं_पाणी (सांगली)

नमस्कार मंडळी. विश्रामबागला आमचं छोटं काम आहे, आम्ही तिघंच. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जे बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या टाक्या असतात, त्यांना आम्ही एक डबी लावतो. तिच्यात तापमानाचा सेन्सर, सिमकार्ड आणि लाईट आहे की गेली एवढं ओळखणारी वायर. दर ३० सेकंदांनी डबी आमच्या सर्व्हरला तापमान कळवते. दूध ४ अंशांच्या आसपास राहायला हवं. ७ च्या वर चढायला लागलं की केंद्रचालकाला फोन जातो. वाळवा, शिराळा, पलूस धरून आज २१२ डब्या चालू आहेत.

सर्व्हर नोडमध्ये (म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये) आहे, मीच लिहिलाय. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शिराळ्याकडची लाईट गेली आणि रात्री नवाच्या सुमारास आली. सगळ्या डब्या एकदम जोडल्या गेल्या. त्यातल्या एकीचं पॅकेट, म्हणजे तिनं पाठवलेली नोंद, अर्धंच आलं, माझा कोड न आलेले बाइट वाचायला गेला आणि अख्खा प्रोग्रॅम बंद पडला. तो आपोआप परत सुरू झाला, पण तोवर २१२ कनेक्शनं तुटलेली. सगळ्या डब्या परत आल्या, तीही आली, पुन्हा तेच. असं काही वेळा झाल्यावर प्रोग्रॅम परत उठवणाऱ्यानंही नाद सोडला. त्याच रात्री पलूसकडच्या एका कूलरचा कॉम्प्रेसर बंद पडला. त्या गावची लाईट गेलेलीसुद्धा नव्हती. फोन गेला नाही आणि ६०० लिटर दूध नासलं. सकाळी चालक म्हणाले, "दादा, तुमची डबी लावली म्हणून तर रात्री उठून बघायचं सोडलं होतं." हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

आता चूक झाली तरी प्रोग्रॅम पडू नये म्हणून सगळीकडे ट्राय-कॅच घातलेत. पण वालचंद कॉलेजला माझ्याबरोबर असलेला एक मित्र म्हणतो, हे काम एलिक्सिर या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं आहे. माझे दोघे भागीदार विचारतात की चालू कामात नवी भाषा कशाला. ती फास्ट असते म्हणून लोक घेतात का? की फंक्शनल पद्धतीची, म्हणजे डेटा जागेवर न बदलता फंक्शननं नवा बनवण्याची, आवड म्हणून? ज्यांनी खरंच वापरलीय त्यांनी सांगा.

---

किल्ल्याखालचा (सातारा)

सात वर्षं एलिक्सिरवरच पोट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वेगासाठी घेणार असाल तर घेऊ नका. आकडेमोडीत ती सी किंवा रस्टच्या जवळपासही जात नाही. ती घ्यायची ती तुमच्या पलूसच्या कूलरसाठी. शिराळ्यातल्या डबीचा आणि पलूसच्या कॉम्प्रेसरचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. तो तुमच्या प्रोग्रॅमनं जोडला, कारण सगळे एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममध्ये, बसले होते.

हाच प्रश्न टेलिफोन एक्स्चेंजवाल्यांना पडला होता. एकाचा कॉल बिघडला म्हणून शेजारच्याचा तुटता कामा नये, आणि दुरुस्तीसाठी एक्स्चेंज बंद ठेवता येत नाही. एरिक्सनच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ च्या सुमारास त्यासाठी एर्लांग भाषा करायला घेतली. टेलिफोन कॉलच्या गर्दीचं गणित मांडणारे आग्नर एर्लांग म्हणून डॅनिश गणिती होते, त्यांचं नाव तिला दिलं. १९९८ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. एलिक्सिर जोझे व्हालिमची, १.० आवृत्ती २०१४ ची, पण खाली प्रोग्रॅम चालवणारं इंजिन एर्लांगचंच, त्याचं नाव बीम.

बीममध्ये प्रोसेस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची जड प्रोसेस नव्हे. सुरुवातीला एकीला जेमतेम अडीच केबी लागतात, म्हणून लाखांनी करता येतात. प्रत्येकीची मेमरी वेगळी, वापरून झालेली मेमरी मोकळी करणंही जिचं तिचं. एकमेकींच्या मेमरीला हात लावता येत नाही, फक्त निरोप पाठवायचा. एखादी प्रोसेस लांबलचक लूपमध्ये अडकली तरी ठराविक काम झालं की बीम तिला बाजूला करून दुसरीला पाळी देतं. नोडमध्ये एक लूप अडकला की सगळेच ताटकळतात, हे तुम्हाला सांगायला नको.

फंक्शनलपणा इथं हौसेचा नाही. एकदा तयार झालेला डेटा बदलताच येत नाही, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी एकच गोष्ट बदलली, मग त्यासाठी कुलपं लावा, ही भानगडच उरत नाही. प्रोसेस जुनी स्थिती हातात घेते आणि नवी परत देते. तिला मध्येच मरण आलं तर अर्धवट लिहिलेलं काही दुसऱ्याच्या मेमरीत राहून जात नाही. म्हणून तिला बिनधास्त मरू देता येतं.

तुमच्याकडे मी असं करीन. प्रत्येक डबीमागं दोन प्रोसेस, एक कनेक्शनची आणि एक कूलरची. एक ठेवलीत तर फसाल, कारण कनेक्शन तुटतं तेव्हाच तर कूलरवर लक्ष हवं असतं. कूलरच्या प्रोसेसला शेवटचं तापमान माहीत असतं आणि तिचं स्वतःचं घड्याळ असतं: ९० सेकंदांत निरोप आला नाही तर ती स्वतःच बोंब मारते. डबी गप्प बसली हीच मग बातमी होते.

आता एक इशारा, आणि हा नीट वाचा. बाकीच्या प्रोसेसवर देखरेख करून पडलेल्यांना जी परत उभं करते, त्या प्रोसेसला सुपरवायझर म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये ५ सेकंदांत ३ पेक्षा जास्त वेळा उभं करावं लागलं, तर सुपरवायझर स्वतःच हात टेकतो आणि जाताना आपल्या सगळ्या पोरांना घेऊन जातो. म्हणजे एक खोडकर डबी इथंही तुमची तीच रात्र परत आणू शकते. म्हणून कनेक्शनच्या प्रोसेस 'टेम्पररी' ठेवा. पडली तर उभी करू नका, डबी स्वतः परत येईल. कूलरच्या प्रोसेस मात्र कायमच्या, आणि वेगळ्या सुपरवायझरखाली.

---

तंतुवाद्य_मिरज

वरचं सगळं पटलं, तरी दुसरी बाजू मांडतो.

पहिली गोष्ट, तुमचं ते पॅकेट बहुतेक खराब नव्हतंच. डबी ज्या टीसीपीवरून सर्व्हरशी बोलते तो प्रवाह आहे, त्याला पॅकेटची हद्द कळत नाही. रेंज कमी असेल तिथं अर्धं आधी येतं, अर्धं मागून. आलेलं साठवून ठेवायचं, पूर्ण लांबी भरली की मग वाचायचं. ही चूक एलिक्सिरमध्येही तितक्याच सहज होते. भाषा बदलण्याआधी हे समजून घ्या.

दुसरं, २१२ डब्या म्हणजे काहीच नाही. व्हॉट्सॲपनं २०१२ मध्ये एर्लांगवर एका सर्व्हरला २० लाखांच्या वर कनेक्शनं जोडल्याचं सांगितलं होतं. तो आकडा वाचून लोक भारावतात, पण तुमचं काम नोडमध्ये नीट लिहिलं तरी भागेल. तिसरं, माणसं. सांगली-मिरजेत नोड येणारी पोरं दहा मिळतील, एलिक्सिर येणारा एखादा मिळाला तर नशीब. तिघांतला एकच शिकला आणि तो आजारी पडला तर? निदान दोघांनी शिका.

आणि भाषा कुठलीही घ्या, आख्खं मशीनच बसलं तर आतला सुपरवायझर काय करणार? बाहेरून कुणीतरी दर मिनिटाला "आहेस का?" विचारणारं हवं.

---

वारणेचं_पाणी (सांगली)

दोघांचे मनापासून आभार. मिरजकरांचं पॅकेटबद्दलचं निदान शंभर टक्के बरोबर निघालं. लॉग काढून बघितले, त्या डबीचं उरलेलं अर्धं पॅकेट पाव सेकंदानं येत होतं. नोडमधला कोड त्याच रात्री दुरुस्त केला आणि बाहेरून विचारणाराही बसवला.

पण एलिक्सिर सोडलं नाही. गेले तीन आठवडे मी आणि एक भागीदार रात्री बसतोय. मला सगळ्यात आवडलं ते पॅकेट वाचणं. पहिले दोन बाइट डबीचा नंबर, पुढचे दोन तापमान, मग एक बाइट लाईटचा, हे फंक्शनच्या माथ्यावरच लिहायचं. जुळलं तर पुढं, नाही तर दुसरं फंक्शन. आमचा सेन्सर डीएस१८बी२० आहे, लाईट आल्या आल्या तो कधी कधी ८५ अंश सांगतो. नोडमध्ये त्यासाठी 'असं असेल तर' अशा इफची माळ होती. इथं "बरोबर ८५ आलं तर सोडून दे" एवढं वेगळं फंक्शन वर लिहिलं, संपलं.

काल टेबलावर १२ डब्या मांडल्या आणि एकीतून मुद्दाम घाण पॅकेट सोडत राहिलो. तिचं कनेक्शन पडत होतं, परत येत होतं, पडत होतं. बाकी अकरांचं तापमान स्क्रीनवर दर ३० सेकंदांनी बदलत राहिलं. भागीदार काही न बोलता बराच वेळ बघत बसला होता.

आता अडलंय ते हे. खोट्या ५,००० डब्या सोडून बघितल्या तर अर्ध्या तासात मेमरी फुगते. तापमानं डेटाबेसमध्ये लिहायला एक वेगळी प्रोसेस ठेवलीय, सगळे कूलर तिला निरोप पाठवतात. काय चुकतंय?

---

किल्ल्याखालचा (सातारा)

टेबलावरच्या प्रयोगाचं वाचून फार बरं वाटलं.

चूक त्या एका प्रोसेसमध्येच आहे, आणि आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं ती एकदा केलेली असते. प्रोसेस एका वेळी एकच निरोप वाचते. पाच हजार जण लिहायला सांगतायत आणि ती एकेक करून डेटाबेसकडे जातेय, म्हणजे बाकीचे निरोप तिच्या पेटीत साठत राहणार. पेटीला मर्यादा नाही, ती मेमरी संपेपर्यंत वाढते. दोन रस्ते आहेत. एक तर मधली प्रोसेस काढून टाका आणि प्रत्येक कूलरला डेटाबेसच्या कनेक्शन-पूलमधून, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या काही सामाईक कनेक्शनांमधून, स्वतः लिहू द्या. नाहीतर ती ठेवा, पण तिला दर सेकंदाला साठलेलं सगळं एका इन्सर्टमध्ये, म्हणजे डेटाबेसला एकदाच सांगून, टाकायला लावा. तापमानाच्या नोंदींसाठी मी दुसरा घेईन. फोन लावायचं काम मात्र त्या वाटेनं नेऊ नका. ते कूलरच्या प्रोसेसमधूनच सुरू झालं पाहिजे, लिखाण तुंबलं म्हणून फोन थांबायला नको.

खात्री करायची असेल तर चाचणी चालू असताना ऑब्झर्व्हर (चालू प्रोसेस दाखवणारं एर्लांगचं साधन) उघडा, प्रोसेसच्या यादीत निरोपांच्या रांगेचा कॉलम मोठ्यापासून लावा. तुमची लिहिणारी प्रोसेस सगळ्यात वर दिसेल.