नऊ वर्षांच्या अनुभवाची परिचारिका वर्षभर आफ्रिकेतल्या मलावीला. जावं का?

मेघना_नाशिक: भाची नवजात अतिदक्षता विभागात काम करते. एका संस्थेतर्फे मलावीला जायचं म्हणते, मानधन तिथल्या राहण्याजेवणापुरतं. मी स्पष्ट सांगितलं, जाऊ नकोस. आपल्या गडचिरोलीत माणसं मिळत नाहीत. शिवाय वर्षाने ही परत आली की त्या वॉर्डात मागे काय राहणार?

पानापक्कड: ताई, मी चौदा महिने तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात होतो, उपकरणदुरुस्तीला. कोठीत सहा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून होते, वर 'बंद' अशी चिठ्ठी. चारांचे फिल्टर धुळीने गच्च. साबणाच्या पाण्यात धुतले, वाळवून बसवले, मशीन सुरू! पण ते काय, कुणीही धुतले असते. वॉर्डातल्या एका सिस्टरने दर शनिवारी फिल्टर धुवायचं मनावर घेतलं, भिंतीवर तारखांचा कागद चिकटवला. मी परतल्यावर दोन वर्षांनी तिने फोटो पाठवला. कागद तिसरा होता. मागे हे राहतं.

खडू_फळा: दवाखान्याचं मान्य. शाळेचं काय? मलावीने १९९४ला प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि पटसंख्या १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. एकेका वर्गात शंभरावर पोरं. पहिल्या इयत्ता चिचेवा भाषेत. ती भाषा न येणारा बाहेरचा माणूस तिथे उभा राहून करणार काय? मी स्वतः पंचवीस वर्षं पहिलीला शिकवलंय. मुलाच्या भाषेत रागावता आलं नाही तर शिकवताही येत नाही. त्याच्या विमानखर्चात तिथल्याच एखाद्या शिक्षिकेला पगार द्या.

डॉ_सांगलीकर: सर, पगाराचा मुद्दा तिथल्या सरकारलाही पटला होता. परिचारिका इंग्लंडला निघून जात होत्या. २००४मध्ये तातडीचा कार्यक्रम आखला: आरोग्य कर्मचाऱ्यांना ५२ टक्के वाढीव भत्ता, प्रशिक्षणाच्या जागा वाढवायच्या, आणि नवी फळी तयार होईतो रिकाम्या जागी परदेशी स्वयंसेवक. त्यात व्हीएसओ या स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेचेही होते. १९५८ला ब्रिटनमध्ये सुरू झाली तेव्हा ही संस्था शाळा संपलेली पोरं पाठवायची, पुढे कसबी माणसं पाठवू लागली. गडचिरोलीत मीही तीन वर्षं काढलीत, म्हणून सांगतो, 'आधी घरचं' म्हणणारे बहुतेक घरच्यासाठीही उठत नाहीत. तुमची भाची निदान उठतेय.

खडू_फळा: म्हणजे माणसं टिकवायला भत्ताच लागला ना? स्वयंसेवक तात्पुरते होते, हे तुम्हीच लिहिलंत. वर्गाबद्दलचं माझं मत तेच आहे.

पानापक्कड: तात्पुरतेच असावेत, सर. माझ्या हाताखाली दोन मुलं शिकत होती म्हणून मला परत येता आलं.

मेघना_नाशिक: हे वाचून तिला विचारलं, तुझ्या हाताखाली शिकणार कोण? करारात ड्यूटीच्या पाळ्या आहेत, तसं नाव एकही नाही. तिने आजच संस्थेला मेल केली. नाव आलं तर बॅग भरायला मी जाईन. गडचिरोलीचं मात्र मी सोडलेलं नाही.