मदत हवी आहे: सगळे म्हणतात सर्व्हे कर, पण माझा प्रश्न सर्व्हेत बसत नाही

नमस्कार मंडळी,

शिक्षण कॉम्प्युटर सायन्सचं, आता पीएचडी इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये. आधीच्या विषयात अल्गोरिदम वेगवान निघाला की काम झालं. इथे मध्ये माणसं येतात आणि गाडी अडते.

विषय असा: ऑफिसात ईआरपी (सगळ्या विभागांचे व्यवहार एकत्र नोंदवणारी संगणक प्रणाली) येते, सगळे नेमाने नोंदी करतात, तरी खरा हिशेब ज्याच्या-त्याच्या एक्सेल शीटमध्ये. असं का होतं? सीनियर म्हणतात, "टॅम घे, प्रश्नावली फिरव, स्मार्टपीएलएसमध्ये टाक, सुटलास." स्मार्टपीएलएस हे सर्व्हेच्या आकड्यांचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर, आणि टॅम म्हणजे फ्रेड डेव्हिसचं १९८९चं मॉडेल. प्रणाली उपयोगाची वाटते का, सोपी वाटते का, यावरून माणूस ती वापरेल की नाही हे सांगतं. पण इथे वापर सक्तीचा आहे! "मी ही प्रणाली वापरणार आहे" याला सगळे पाचपैकी पाच देतील आणि शीटबद्दल कोणी अवाक्षर काढणार नाही. टॅम आणि तशी इतर मॉडेल्स एकत्र करून बनवलेल्या २००३च्या यूटॉटमध्ये सक्ती की स्वेच्छा हा फरक धरलाय, तरी वापरता वापरता दिलेली बगल त्यात सापडत नाही.

म्हणून केस स्टडीकडे वळलो. लोकांच्या बोलण्या-वागण्याचा अर्थ लावणारा अभ्यास कसा करावा यावरची क्लाइन आणि मायर्स यांची १९९९ची सात तत्त्वं वाचली, पटलीही. पण कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना अर्थाची लेबलं द्यायला बसलो की घोळ. लेखा विभागातल्या बाई म्हणाल्या, "सिस्टिममध्ये महिना बंद झाला की बंद, बिलं थोडीच थांबतात?" याला कोड काय देऊ? 'सिस्टिमची अडचण' की 'वेळेचा ताण'? शिवाय एकाच संस्थेचा अभ्यास परीक्षकांना चालतो का? गाइडना विचारलं तर "वाचत राहा" एवढंच उत्तर.

प्रतिसाद

आधी 'वर्कअराउंड' (प्रणालीला बगल देऊन काढलेली वाट) आणि 'शॅडो सिस्टिम' (अधिकृत प्रणालीच्या जोडीने चालणारी खासगी व्यवस्था, जशी तुमची एक्सेल शीट) हे शब्द टाकून शोधा. तुमच्या विषयावर भरपूर लिहिलं गेलंय, टॅमच्या रस्त्याने गेलात तर ते भेटणार नाही.

कोडची घाई करू नका. पहिल्या फेरीत बाईंचेच शब्द ठेवा: 'महिना बंद, बिलं चालू'. तुमचे दोन्ही कोड म्हणजे तुमचं स्पष्टीकरण आहे, ते दुसऱ्या फेरीचं काम. आणि नुसत्या मुलाखतीवर विसंबू नका, त्यांना शीट उघडून दाखवायला सांगा. ईआरपीत नसलेला कुठला रकाना तिथे आहे? तो भरतं कोण, आणि वाचतं कोण? माझ्या मते तुमचा निम्मा प्रबंध त्या रकान्यात आहे.

एक संस्था चालते. ॲलन ली यांनी १९८९ साली एमआयएस क्वार्टर्ली या आपल्या विषयातल्या नियतकालिकात एकाच केसवर शास्त्रीय काटेकोरपणे काम कसं करता येतं ते मांडलंय, परीक्षकांसाठी तो पेपर हाताशी ठेवा. मात्र "सगळ्या ऑफिसांत असंच होतं" असं लिहू नका. निष्कर्ष सिद्धांताला जोडायचा असतो, टक्केवारीला नाही.

सर्व्हेला मात्र सरसकट नावं ठेवू नका. केसमधून कारणं हाती लागली की ती किती पसरलेली आहेत हे प्रश्नावलीच सांगेल. तेव्हा क्रॉनबाख अल्फा (एका गोष्टीवरच्या प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात याचं माप) ०.७०च्या वर आला म्हणून खूश होऊ नका. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारले की कॉमन मेथड बायस शिरतो, म्हणजे विचारण्याच्या पद्धतीमुळेच दोन्हींत संबंध दिसू लागतो. वापराचा आकडा लॉगमधून (प्रणाली आपोआप ठेवते त्या नोंदींतून) मिळत असेल तर तिथूनच घ्या.