२ जीबीच्या व्हीपीएसवर साइटसोबतच शोधइंजिन ठेवावं का?

खमंग_चकली
मंडळी, सल्ला हवाय. माझी पाककृतींची साइट वर्डप्रेसवर आहे, साधारण ३,२०० पाककृती. व्हीपीएस (भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर) २ जीबी रॅमचा, मायएसक्यूएल डेटाबेस त्यावरच. साइटवरचा शोध रामभरोसे. "गूळ" टाकलं की गुळाची पोळी येत नाही आणि आईचा फोन येतो, "काढून टाकलीस का गं?" म्हणून हौसेने जावावर चालणारं एक मोठं शोधइंजिन त्याच सर्व्हरवर चढवलं. हीप, म्हणजे जावाला कामासाठी दिलेली मेमरी, ५१२ एमबीवर बांधला होता. ऐन संक्रांतीच्या आदल्या रात्री साइट झोपली. लॉग बघते तर मेमरी संपली म्हणून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) मायएसक्यूएललाच मारलेलं. वेगळ्या सर्व्हरचा खर्च झेपणार नाही. एकाच सर्व्हरवर काय चालेल?

सदाशिवपेठी
मायएसक्यूएलचा बफर पूल, म्हणजे डेटा रॅममध्ये धरायची जागा, किती ठेवलाय?

खमंग_चकली
१ जीबी. कुठेतरी वाचून वाढवला होता.

सदाशिवपेठी
मग बरोबर आहे. मेमरी संपली की कर्नल साधारणपणे सगळ्यात जास्त खाणाऱ्याला उचलतो. शिवाय हीप ५१२ म्हणजे जावा ५१२ मध्ये भागवते असं नाही, हीपबाहेरही तिचा बराच पसारा असतो. बफर पूल २५६ एमबीवर आणा, तुमच्या साइटला पुष्कळ झाला.

एकाच सर्व्हरवर ठेवायला हरकत नाही, मी ठेवतो. मेलीसर्च हे शोधइंजिन बघा. रस्ट भाषेत लिहिलंय, इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) डिस्कवर असतो. टाइपसेन्सही चांगलं, पण ते अख्खा इंडेक्स रॅममध्ये धरतं. ३,२०० पाककृतींना तेही जड नाही. मात्र मेलीसर्च इंडेक्सिंगसाठी रॅमच्या दोन तृतीयांशापर्यंत हात मारू शकतं, ती मर्यादा सेटिंगमध्ये ३०० एमबी करा. वर सिस्टमडीत (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवतं ते) त्या सर्व्हिसला मेमरीमॅक्स, म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, लावा. शोध मेला तर मरू दे, साइट जगली पाहिजे.

हापूसप्रेमी
आणि शोधइंजिनचं पोर्ट फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच सर्व्हरच्या आतल्या आत, उघडा. डॉकरने (वेगळ्या कंटेनरमध्ये) चालवणार असाल तर यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या भरवशावर राहू नका. डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत, घालतो. यूएफडब्ल्यू बंद दाखवतं आणि पोर्ट जगाला उघडं असतं. माझं महिनाभर होतं. मेलीसर्चला मास्टर की (मुख्य पासवर्ड) पण लावा.

पाटावरवंटा
ताई, इंजिन राहू द्या जरा बाजूला. साहित्याची यादी कुठे साठवता?

खमंग_चकली
कस्टम फील्डमध्ये, म्हणजे मजकुराबाहेरच्या वेगळ्या रकान्यात.

पाटावरवंटा
तिथेच गोम आहे. वर्डप्रेसचा शोध शीर्षक, उतारा आणि मजकूर एवढंच बघतो, कस्टम फील्ड नाही. गूळचं गुळाची, दूधचं दुधाची, कणीकचं कणकेचा; शब्दाचं मूळच बदलतं, तिथे नुसतं सुरुवातीचं अक्षर जुळवून कुठलंही इंजिन हात टेकेल. इलॅस्टिकसर्च या शोधइंजिनमध्ये हिंदीसाठी तयार अ‍ॅनालायझर (शब्द मूळ रूपात आणणारा भाग) आहे, पण तो लावून मराठीचं काम भागत नाही. पण साहित्यात आपण काय लिहितो? "गूळ १ वाटी", "दूध अर्धा लिटर". शब्द मूळ रूपात आयताच बसलेला असतो! ते फील्ड आधी इंडेक्समध्ये घाला. उरलेल्या शब्दांसाठी समानार्थींची यादी करा, स्वयंपाकघरातले दीडदोनशे शब्द पुरतात.

अजून एक. "पुऱ्या" दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना सारखंच, मशीनला वेगळं. इंडेक्स करताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

सदाशिवपेठी
हे मला सुचलं नव्हतं.

खमंग_चकली
मेलीसर्च बसवलं, साहित्य घातलं, बफर पूल २५६. आता "गूळ" टाकल्यावर गुळाची पोळी चौथी येते, पहिली गूळपापडी. दोन दिवस झाले, साइट उभी आहे. "गव्हले" टाकलं तर मात्र काहीच नाही. अर्धा तास सेटिंग बघत बसले, मग लक्षात आलं की ती पाककृती मी कधी टाकलीच नव्हती.